नंदीच्या घाटात मला कोणीही ‘उतरवले’ नाही

‘चढ सुरू झाल्यावर आमचे ज्येष्ठ सदस्य कृष्णाजीराव यांची दमछाक झाली. त्यांना वाटेतच सायकलवरून उतरवून गाडीत घेण्यात आले व सुखरूप माथ्यावर पोहोचविण्यात आले. त्यांच्या जिद्दीला आमचा सलाम!’

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत नंदीबेट्टच्या डोंगरावरील सहलीचा जो वृत्तान्त छापला आहे, त्यातली ही तीन वाक्ये. वृत्तान्त लिहिणारे आहेत मंडळाचे कार्यवाह श्री. देवधर. त्यांची भाषा पाहावी. ‘उतरवून’, ‘घेण्यात आले’, ‘सुखरूप’. काचेच्या बरण्या हलवाव्यात तसा मी हलवला गेलो! तिसऱ्या वाक्यातला सलाम तर पहिल्या दोन वाक्यांहून अपमानकारक आहे. न केलेल्या पराक्रमाबद्दल कोणी हार घातला तर तो काढून ठेवता येतो. केलेला पराक्रम काढून घेऊन वर हार घातला तर त्याचे काय करावे?

मी गप्पही बसलो असतो. कानडी मुलखातल्या या बसवनगुडीत आयुष्य गेले. या गावात आमचे घराणे तीनशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. कोणी काय छापले याने आमचे काही बिघडत नाही. पण या तीन वाक्यांनी माझ्या घरात प्रवेश केला. माझा मुलगा श्रीनिवास याने स्मरणिका वाचली आणि त्याच संध्याकाळी माझ्या सायकलला साखळी घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

“अप्पा, स्वल्प ऐका,” तो म्हणाला. “रस्त्यात कोसळलात आणि आम्हांला सांगितलंसुद्धा नाही?”

“मी कोसळलो नाही.”

“छापून आलंय, अप्पा.”

“छापून आलं म्हणजे घडलं काय?”

“घडल्याशिवाय कोण छापील?”

चाळीस वर्षे मी कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली; असल्या तर्काने तिथे एक नटही बसला नसता! इथल्या शिवाजीनगरचा जुन्या सायकलींचा व्यापारी येत्या रविवारी ती न्यायला येणार आहे. म्हणून हा प्रवास जसा घडला तसा लिहितो आहे, आणि छापण्यासाठी पाठवण्याआधी पहिली प्रत श्रीनिवासच्या टेबलावर ठेवणार आहे.

हेब्बाळ

जानेवारीतला रविवार. पहाटे निघालो तेव्हा बसवनगुडीच्या झाडांखाली धुके इतके दाट होते की पुढचे चाक दिसत होते, त्यापुढचा रस्ता दिसत नव्हता. सायकलस्वार आम्ही चौघे : मी आणि पुण्याहून नोकरीसाठी आलेले तीन तरुण. मागून पांढऱ्या व्हॅनमध्ये श्री. देवधर, त्यांच्या पत्नी नीलाबाई आणि पाण्याचे कॅन. तरुणांपैकी अमेय हा सर्वांत उत्साही. संगणकाच्या कंपनीत कामाला, डोक्यावर शिरस्त्राण, हातात मोजे आणि बुडाखाली परदेशातून मागवलेली अठरा गिअरची सायकल. माझी सायकल साधी, काळी, दांड्यांच्या ब्रेकची. याच सायकलीने मी नोकरीभर कारखान्यात गेलो आणि आलो. फक्त मागचे फ्रीव्हील बदलून मी जास्त दात्यांचे बसवून घेतले होते, कारण चढ कसा असतो हे मला ठाऊक होते. गिअर नसलेली सायकल चढावर चालतच नाही, असे समजणाऱ्यांनी दात्यांचा हिशेब कधी केलेला नसतो.

“आजोबा, तुम्ही खरंच येताय?” अमेयने विचारले.

बसवनगुडीत मला सगळे अण्णा म्हणतात. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, माझ्याहून मोठेही म्हणतात. पुण्याहून येणाऱ्यांना मात्र पांढरे केस दिसले की ‘आजोबा’ सुचते आणि थोडा विचार केला तर ‘काका’.

हेब्बाळच्या तळ्यावर उजाडले. पाण्यावरून धुक्याचा पट्टा सरकत होता आणि त्यातून पाणकोंबड्यांचे आवाज येत होते. देवधरांनी गाडी थांबवून छायाचित्रे घेतली. पुढे येलहंक्याच्या अलीकडे अमेयच्या सायकलीचे चाक बसले. रस्त्याकडेला पंक्चरवाला होता, पंप होता, माझ्याकडे स्वतःचा पंप होता. पण त्या परदेशी नळीचा वॉल्व मोटारीच्या चाकासारखा, त्यावर आमचा कोणताच पंप बसेना. ट्रकची चाके भरणारे दुकान सापडेपर्यंत त्या बहुमोल यंत्राला खांद्यावर घेऊन मिरवावे लागले. मी हसलो नाही. स्मरणिकेत या प्रसंगाचा उल्लेख नाही.

देवनहळ्ळी

बळ्ळारी रस्ता त्या सकाळी सुखाचा होता. दोन्ही बाजूंना निलगिरी, मधूनच द्राक्षांचे मांडव, तुतीची शेते आणि तांबडी माती. देवनहळ्ळीजवळ रस्त्याकडेला चकोते, म्हणजे पपनसे, मांडून बायका बसल्या होत्या. माणसाच्या डोक्याएवढे ते फळ आतून गुलाबी निघते. आमच्या घरी त्याच्या पाकळ्यांवर तिखटमीठ घालतात. एका बाईने मला एक पाकळी सोलून दिली. देवधरांनी ते ‘मोठं मोसंबं’ आहे असे सर्वांना समजावून सांगितले.

न्याहारीसाठी एका छोट्या हॉटेलात बसलो. इडली, वडा, केसरीभात, पितळी पेल्यात फेसाळ कॉफी. सगळे तुटून पडले. नीलाबाई तेवढ्या हात न लावता बसल्या होत्या. त्या दिवशी संकष्टी होती. सहलीचा दिवस ठरवताना कार्यवाहांनी कंपन्यांच्या सुट्ट्या पाहिल्या होत्या, पंचांग पाहिले नव्हते.

“भैया, साबुदाणा खिचडी है?” देवधरांनी वेटरला विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी कन्नडमध्ये उपवास असल्याचे सांगितले. त्याचा चेहरा उजळला. “अवलक्की इदे, अण्णा!” पोहे आहेत.

मी नीलाबाईंना म्हणालो, “अक्का, आमच्याकडे संकष्टीला अवलक्की चालते. भात नको एवढंच. इकडे सगळेच खातात.”

देवधरांनी हातातला वडा खाली ठेवला. “पोहे? उपासाला? काका, म्हणजे तुम्ही लोक इथे राहून अगदी कानडी झालात की! तीनशे वर्षांत उपाससुद्धा विसरलात.”

तरुण मंडळी हसली. मी शांतपणे म्हणालो, “तीनशे वर्षांत आम्ही काय विसरलो ते जाऊ द्या. सहा वर्षं झाली तुम्हांला इथे येऊन. ‘कॉफी द्या’ एवढं तरी कन्नडमध्ये म्हणून दाखवा. आणि तुमचा तो पवित्र साबुदाणा सेलमकडून येतो, तमिळ मुलखातून. आमची अवलक्की निदान इथल्या भाताची तरी असते.”

“भांडू नका हो,” नीलाबाई म्हणाल्या. “काकांनी आपुलकीनं सांगितलं. पण मला नाही जायचे पोहे, सवय नाही. कॉफी पुरे. वर मिळेल ना काहीतरी? बटाट्याची भाजी वगैरे?”

“वर मोठं हॉटेल आहे. सगळं मिळतं,” देवधर म्हणाले.

ते वर कधी गेले नव्हते. मी तरुणपणापासून जात आलो आहे. वरच्या उपाहारगृहात तयार असे काही नसते. माणसे येऊन बसली, काय हवे ते बोलली, की मग आचारी चूल पेटवतो, आणि त्याच्या सवडीने खाणे येते. मी हे सांगू लागलो, तर देवधर उठले आणि गाडीची किल्ली फिरवत म्हणाले, “काका, तुम्ही वर पोहोचेपर्यंत चंद्रोदय होईल. नीलाचा उपास वरच सोडू!”

संकष्टीचा उपवास चंद्र पाहून सोडतात. विनोद चांगला होता, हे मी मान्य करतो. त्याचे उत्तर तोंडाने देण्यासारखे नव्हते.

घाट

पायथ्याशी नारळपाण्याचे दुकान होते. तिथे चढाकडे एकदा पाहून तीन तरुणांपैकी दोघांनी आपल्या सायकली दुकानदाराच्या ताब्यात दिल्या व ते व्हॅनमध्ये बसले. स्मरणिकेत यांच्याबद्दल ‘युवा सदस्यांनी माथा सर केला’ असे वाक्य आहे. केला. खिडकीच्या काचा वर करून केला.

चढावर निघालो अमेय आणि मी. व्हॅनमधली मंडळी नारळपाणी पीत राहिली. पहिल्याच वळणावर अमेय मला मागे टाकून गेला. त्याच्या गिअरची टिकटिक वरच्या वळणावरून ऐकू आली आणि मग तीही थांबली. मला घाई नव्हती. बिनागिअरच्या सायकलीने चढ चढण्याची एक रीत असते. सरळ जायचे नाही. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जायचे. आतल्या अंगाने वळण घ्यायचे नाही, तिथे चढ भिंतीसारखा उभा असतो; बाहेरून लांब फेरी घ्यायची. मी थांबलो नाही, असे मी म्हणत नाही. कठड्यावर पाय टेकून थांबलो, पाणी प्यालो, छातीचा भाता शांत होऊ दिला. पण प्रत्येक वेळी जिथे थांबलो तिथूनच पुन्हा पायडल मारले. ‘दमछाक’ हा शब्द देवधरांनी कोणत्या खिडकीतून पाहिला?

आणि काय घाट तो! खाली सपाटीवर तळ्यांचे तुकडे चकाकत होते, खडकांच्या उघड्या पाठी धुक्यातून हत्तींसारख्या वर येत होत्या, आणि वळणागणिक हवा गार होत होती. एका वळणावर वानरांचा कळप कठड्यावर रांगेने बसला होता. मला नागमोडी येताना पाहून त्यांनी माना या बाजूने त्या बाजूला वळवल्या.

माथ्याच्या काही वळणे अलीकडे अमेय सापडला. शिरस्त्राण बाजूला, तो कठड्याला टेकून बसलेला, ओठ पांढरे. “उलटी झाली, आजोबा. पोटरीत गोळा येतोय. तुम्ही व्हा पुढे, मी येतोच. मागून गाडी येईल.”

“थांबतो मी.”

“नको ना. प्लीज. कोणी बघत बसलं की जास्तच होतं.”

तरुणांचा अभिमान मला कळतो, माझाही होता आणि आहे. मी माझ्या बाटलीतले उरलेले पाणी त्याला दिले आणि पुढे झालो. शेवटचा चढ मी पायडलवर उभा राहून चढलो. माथ्यावरच्या कमानीतून आत शिरलो तेव्हा मी मोठ्याने हसत होतो. सायकलवरून मी तिथे उतरलो, स्वतःच्या पायांनी, कोणी न उतरवता.

माथा

वर धुके होते. उद्यान खात्याच्या गुलाबांवर दवाचे थेंब होते आणि माणूस एकही नव्हता. उपाहारगृहात मंजण्णा नावाचा आचारी बाकावर पेपर वाचत होता. मी त्याला सांगितले : उप्पिट्टू सगळ्यांना पुरेल एवढे, कॉफी, आणि एका अक्कांसाठी वेगळे, उपवासाचे.

“अवलक्की माडला?” पोहे करू का?

“बेडा.” नको. “बटाट्याची भाजी. पातेले घासून वेगळे घे. तूप, जिरे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचे कूट. कांदा नको, मोहरी नको, हिंग नको. आणि हळद नको.”

त्याने पेपर खाली ठेवला. “अरिशिना बेडवा? यारिगे हुषारिल्ला, अज्जा?” हळद नको? कोण आजारी आहे?

त्याचा दोष नाही. या मुलखात बटाटा चुलीवर चढला की हळद आणि मोहरी त्याच्या आधी चढलेली असते. पांढरी भाजी फक्त पथ्याची. मला ही भाजी ठाऊक आहे, कारण माझी पत्नी साताऱ्याकडची होती. लग्नानंतरच्या पहिल्या संकष्टीला माझ्या आईने तिच्यापुढे अवलक्की ठेवली आणि ती रडली. त्यानंतर ती होती तोवर आमच्या घरात महिन्यातून एकदा दोन चुलींवर दोन उपवास शिजले, आणि कोणी कोणाला विसराळू म्हटले नाही.

मंजण्णाने वाद घातला. त्याच्या मते असली भाजी केली तर गिऱ्हाईक त्यालाच शिव्या देईल. “शिव्या मी खाईन, तू बटाटे लाव,” मी म्हणालो. तो पुटपुटत आत गेला. पाणी उकळण्याचा आवाज आला.

मी वाट पाहिली. ना अमेय, ना व्हॅन. व्हॅन का आली नाही ते नंतर कळले : नारळपाणी झाल्यावर कार्यवाह प्रत्येक वळणावर उतरून धुक्याची छायाचित्रे घेत होते. मला मात्र त्या मुलाचे पांढरे ओठ आठवू लागले. मंजण्णाकडून लिंबू, मीठ, साखर घालून पाण्याची बाटली भरून घेतली, सायकल वळवली आणि उतरलो. उताराला ब्रेक दाबून बोटे बधिर झाली. अमेय तिथेच होता. पोटरी दगडासारखी झालेली, पाऊल सोडले की ओरडे. मी त्याला लिंबूपाणी पाजले आणि त्याचे पाऊल मांडीवर घेऊन बोटे वर दाबून धरून बसलो. दोघांच्या सायकली गवतात आडव्या पडल्या होत्या.

या स्थितीत व्हॅन आली.

देवधरांनी दोन आडव्या सायकली पाहिल्या, रस्त्याकडेला बसलेली दोन माणसे पाहिली, आणि त्यांचा वृत्तान्त तिथल्या तिथे लिहून झाला. “या काका, लाजू नका,” ते दार उघडत म्हणाले. “इतकं आलात हेच खूप!”

“मी वर जाऊन आलोय,” मी म्हणालो.

“हो हो, काका! मनानं आपण सगळे केव्हाच वर पोहोचलोय.”

मागच्या बाकावरचे दोघे हसले. त्या क्षणी मी सायकल उचलून पुन्हा चढलो असतो. पण पाऊल सोडले की अमेय कळवळत होता. सायकली टपावर बांधल्या गेल्या आणि मी त्याचे पाऊल धरून गाडीत बसलो. एवढ्या एका अर्थाने मी गाडीत ‘घेतला गेलो’. एकदा खरे सांगितल्यावर ते ऐकून घेण्यासाठी विनवण्या करण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

अमेयला अलीकडे मी मंडळात गाठले. “तू सांग, मी तुझ्यापुढे गेलो की नाही?” तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “मला त्या वेळचं नीट आठवत नाही, आजोबा. चक्कर येत होती.” स्मरणिकेत त्याचे नाव माथा सर करणाऱ्यांत आहे. तेव्हा त्याची साक्ष मी काढत नाही. मंजण्णालाही बोलावत नाही. त्याने आम्हांला पाहताच सर्वांदेखत आरडाओरडा केला होता, “येष्टु होत्तु, अज्जा! येल्ला आरि होय्तु!” किती हा वेळ, सगळे निवून गेले! पण ते कन्नडमध्ये होते आणि ऐकणाऱ्यांपैकी माझ्याशिवाय कोणालाही ती भाषा येत नव्हती.

राहिले माझे वय, माझा स्वभाव, माझी स्मरणशक्ती. या तिन्हींवर घरात आणि मंडळात पुष्कळ बोलून झाले आहे. श्रीनिवासने या तिन्हींवर विश्वास ठेवू नये. त्याने फक्त नीलाबाईंना विचारावे, त्या खोटे बोलणार नाहीत. आम्ही गाडीतून उतरलो, बाकावर बसलो, आणि कोणी काही मागण्याच्या आधी मंजण्णाने त्यांच्यापुढे एक ताटली आणून आदळली. पहाटेपासून उपाशी असलेल्या त्या बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. देवधरांनी त्यांच्याच ताटलीतली फोड उचलून तोंडात टाकली आणि तक्रार केली की बटाटे गार आहेत.

गार होतेच. आणि त्यांत हळद नव्हती.